ट्रॅक्टरवरील साहाय्यक दिवे

ट्रॅक्टर, जीप व पक्की सडक सोडून चालणाऱ्या इतर वाहनांवर कारखान्याने दिलेल्या मूळ दिव्यांखेरीज जे जादा दिवे बसवितात, त्यांस साहाय्यक दिवे म्हणतात. मूळचे अग्रदीप रस्त्यासाठी योजलेले असतात. त्यांचा प्रकाश समोर व खाली पडतो. शेतात काम करणाऱ्या चालकाला मात्र मागचा नांगर, बाजूचे तास आणि वळणावरचा बांध दिसावा लागतो. ही उणीव साहाय्यक दिवे भरून काढतात. महाराष्ट्रात, विशेषतः नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, ते बसविण्याचे काम बहुधा कारखान्यात होत नाही. तालुक्याच्या गावी बॅटरी व वायरिंगची दुरुस्ती करणारे कारागीर ते करतात. हे काम वरवर सोपे वाटते. परंतु दिवा किती वॉटचा आहे यापेक्षा तो कोठे बसविला, त्याची तार कशी नेली व तो कोणत्या कळीवर लावला यांवरच त्याची उपयुक्तता आणि रात्रीच्या वाहतुकीतील सुरक्षितता अवलंबून असते.

रात्रीच्या कामाची गरज : मराठवाड्यातील काळ्या भारी जमिनीची खोल नांगरट रबीची पिके निघाल्यावर, म्हणजे मार्च ते मे या काळात होते. नांदेड भागात मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाणे नेहमीचे आहे. त्यामुळे भाड्याने नांगरट करणारे ट्रॅक्टर सायंकाळी शेतात उतरतात आणि पहाटेपर्यंत चालतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीची घाई असते; आभाळ भरून आले की मळणीयंत्र रात्रभर थांबत नाही. त्यानंतर उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. मांजरा नदीच्या खोऱ्यातील व लातूरजवळील विलासनगर येथील मांजरा सहकारी साखर कारखाना काय किंवा नांदेड जिल्ह्याच्या अर्धापूर तालुक्यातील भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना काय, गाळप एकदा सुरू झाले की ते दिवसरात्र चालते आणि गव्हाणीला ऊस पुरविण्यासाठी ट्रॅक्टर रात्रीही रस्त्यावर असतात. अशा रीतीने एकच यंत्र हंगामागणिक शेतात व सडकेवर अंधारात वावरते. या दोन ठिकाणी प्रकाशाची गरज एकमेकींच्या अगदी उलट आहे. शेतात सर्वत्र पसरलेला व भरपूर प्रकाश हवा असतो. सडकेवर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत न जाणारा, मर्यादित व नेमका प्रकाश लागतो. शिवाय वाहनाने स्वतः मागून दिसले पाहिजे.

पूर्वी बैलगाडीच्या साटीखाली टांगलेला कंदील एवढेच वाहनाचे प्रकाशसाधन होते आणि त्याचे काम रस्ता दाखविण्यापेक्षा गाडी दाखविण्याचे होते. खळ्यावर गॅसबत्ती लावीत. आरंभीच्या मोटारगाड्यांवर कार्बाइडपासून मिळणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. १९१२ नंतर विजेवर चालणारा आरंभक व विजेचे दिवे रूढ झाले. हॅलोजन दिवा १९६२ पासून यूरोपात मोटारींवर आला. भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ नंतर सुरू झाले. त्या काळच्या ट्रॅक्टरांना डायनामो असे आणि तो जेमतेम १०-११ अँपिअर प्रवाह देई. म्हणून पुढचे दोन मंद दिवे व मागचा एक नांगरणीदिवा यांपलीकडे काही बसविणे शक्यच नव्हते. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे. आजचे ट्रॅक्टर ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असतात. जुने यंत्र हाती आल्यास ही गोष्ट प्रथम तपासावी लागते, कारण साध्या तंतुदीपाला दिशेचे सोयरसुतक नसले तरी आधुनिक एलईडी दिवा उलट जोडणीने लागत नाही.

दिवे व त्यांची जागा : दिव्यातील परावर्तक अन्वस्ताच्या आकाराचा असतो. तंतू अन्वस्ताच्या नाभीत असला की परावर्तित किरण जवळजवळ समांतर जातात व लांब पल्ल्याची अरुंद शलाका मिळते. परावर्तकाला किंवा पुढील काचेला उभ्या पन्हळी दिल्या की शलाका आडवी पसरते. शेतकामाला दुसरा प्रकार योग्य होय. लांब पल्ल्याचा दिवा शेतात निरुपयोगी ठरतो. तो बांधापलीकडचे झाड उजळतो आणि नांगराचा फाळ अंधारात ठेवतो.

मागील दिवे दोन्ही मडगार्डांवर किंवा छताच्या मागच्या कडेला बसवितात. यांपैकी कोणती जागा चांगली याबद्दल चालकांत मतभेद आढळतात, पण त्यामागचे कारण प्रकाशशास्त्राचे आहे. डोळ्यांच्या दिशेनेच येणारा प्रकाश जमिनीवर पडला तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात व ढेकळे, तास आणि सपाट जमीन सारखीच दिसतात. दिवा बाजूला व थोडा खाली असला की तिरप्या प्रकाशात तासाची कड ठळक दिसते. म्हणून नांगरणीसाठी मडगार्डावरचे, आतल्या बाजूस तिरके वळविलेले दोन दिवे छतावरील एका प्रखर दिव्यापेक्षा सरस ठरतात. उलट मळणीच्या वेळी माणसे यंत्राभोवती वावरत असल्याने सावल्या कमी हव्यात. तेथे छतावरचा दिवा बरा. पट्ट्यात सदरा अडकण्याचा धोका ज्या ठिकाणी असतो तेथे अंधाराचा कवडसाही राहू नये.

छताच्या पुढच्या कडेला लावलेल्या दिव्यांत दोन दोष आहेत. त्यांचा प्रकाश बॉनेटवर पडून चालकाच्या डोळ्यांवर उलटतो, आणि कोरड्या काळ्या मातीचा उडालेला फुफाटा डोळ्यांसमोरच उजळून पांढरा पडदा तयार होतो. दिवे कडेपासून थोडे पुढे घेणे, खाली झुकविणे व कमी वॉटचे वापरणे हाच त्यावर उपाय होय. धुरळ्यात जादा वॉट घातल्याने कमीच दिसते.

विद्युत् पुरवठा : ट्रॅक्टरची बॅटरी शिसे-अम्ल प्रकारची, सहा घटांची व १२ व्होल्टची असते. पूर्ण भारित अवस्थेत तिचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो; एंजिन चालू असताना अल्टरनेटर तो १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो. ५५ वॉटच्या एका दिव्याला १२ व्होल्ट दाबास सु. ४·६ अँपिअर प्रवाह लागतो. दोन अग्रदीप व दोन नांगरणीदिवे मिळून १८ अँपिअरांहून थोडा अधिक, बाजूचे व मागचे लहान दिवे धरून २० अँपिअर आणि बॅटरीच्या भरणासाठी आणखी ५ असा हिशेब होतो. ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरला तो पेलतो. पण हौसेने छतावर १०० वॉटचे आणखी चार दिवे चढविले की एकट्या त्यांनाच ३३ अँपिअर लागतात. हा अधिकचा प्रवाह बॅटरीतून निघतो. रात्रभर दिवे लख्ख लागलेले दिसतात आणि सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. अल्टरनेटरचा नामांकित प्रवाह एंजिन वेगात असतानाच मिळतो, मंद गतीवर तो बराच कमी असतो, हेही पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही.

कारखान्याच्या गाडीतळावर नंबराची वाट पाहत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे एंजिन बंद असते. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ५५ वॉटचे दोन दिवे चालू ठेवल्यास चार तासांत ती निम्मी रिकामी होते. जुन्या बॅटरीला तेवढाही अवधी मिळत नाही.

तारजोडणी : दिव्याला द्यावयाचा प्रवाह थेट कळीतून नेणे ही सर्वांत रूढ व सर्वांत वाईट पद्धत होय. डॅशबोर्डवरील लहान कळीचे स्पर्शबिंदू १०-१५ अँपिअर प्रवाह सतत वाहण्यासाठी केलेले नसतात. ते तापतात, काळे पडतात व शेवटी वितळतात. यासाठी अभिचालित्र, म्हणजे बाजारात ज्याला रिले म्हणतात ते, वापरावे. रिलेत तारेचे एक वेटोळे असते. कळीतून त्याला एक-पंचमांश अँपिअरहूनही कमी प्रवाह मिळतो, वेटोळे चुंबक बनते व जाड स्पर्शबिंदू ओढून मुख्य मंडल पूर्ण करते. रिलेच्या पायांवर अंक कोरलेले असतात. ३० या पायाला बॅटरीकडून येणारी जाड तार व ८७ ला दिव्याकडे जाणारी तार जोडतात. ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके असून त्यांपैकी एक कळीकडे व दुसरे सांगाड्याला जोडतात. हे अंक जर्मन मानकातून आले असून बहुतेक बनावटींत सारखेच असतात.

बॅटरीच्या धन अग्रापासून वीतभर अंतराच्या आत वितळतार, म्हणजे फ्यूज, असली पाहिजे. फ्यूज दिव्याचे रक्षण करते असा समज आहे. वस्तुतः ती तारेचे रक्षण करते. म्हणून ती दिव्याजवळ बसविल्यास मधली सगळी तार उघडी पडते. ९ ते १० अँपिअरच्या मंडलाला १५ अँपिअरची, निळ्या रंगाची पात्याची फ्यूज योग्य ठरते. फ्यूज वारंवार उडू लागली म्हणजे तार कोठेतरी सांगाड्याला टेकत आहे असे समजावे. त्याऐवजी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तांब्याचा तुकडा गुंडाळून काम भागविण्याची रीत सर्वत्र दिसते. तिचा परिणाम भयंकर होऊ शकतो. आरंभकाला शेकडो अँपिअर पुरविणारी बॅटरी तोच प्रवाह टेकलेल्या तारेतूनही देते, दीड चौ.मिमी.च्या तारेचे वेष्टन काही क्षणांत पेट घेते. भोवती डीझेलची नळी, तेलाचे थर आणि वाळलेले पाचट असते. उसाच्या फडात किंवा भरलेल्या ट्रॉलीजवळ ठिणगीला एवढे पुरेसे आहे.

तार एक्झॉस्टच्या नळीपासून व फिरत्या पीटीओ दांड्यापासून दूर नेतात. पत्र्याच्या छिद्रातून ती नेताना रबरी बोंडी घालणे आवश्यक असते, नाहीतर कंपनाने पत्र्याची धार वेष्टन कापते. सांगाड्याला जोडण्याच्या ठिकाणी रंग खरवडून पत्रा उघडा करतात, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळतात व वरून ग्रीस लावतात. दिवा मंद लागण्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा या जोडात सापडते. दुसरा दिवा लावला की पहिला मंद होतो, किंवा ब्रेक दाबला की दिशादर्शक मिणमिणतो, ही याचीच लक्षणे होत. हंगाम नसताना ट्रॅक्टर गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभा राहिला तर उंदीर वेष्टन कुरतडतात. म्हणून नांगरट सुरू होण्यापूर्वी सगळी तार हाताखालून घालून पाहणे हा जुन्या कारागिरांचा शिरस्ता आहे.

ट्रॉलीचे दिवे : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित भाग ट्रॉलीच्या मागच्या टोकाचा आहे. ऊसवाहतुकीत एका ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत १२ मी. तार धरली तर जाऊन-येऊन २४ मी. होते. मागील दोन लहान दिवे व ब्रेकचे दोन दिवे मिळून सु. ५० वॉट, म्हणजे ४ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतात. तांब्याच्या १ चौ.मिमी. छेदाच्या तारेचा रोध दर मीटरला ०·०१७ ओहम असतो. त्यावरून काढल्यास दीडच्या तारेत सु. १·२ व्होल्ट आणि अडीचच्या तारेत सु. ०·७ व्होल्ट दाब वाया जातो. घरगुती वापरातील अर्ध्या चौ.मिमी.ची बारीक तार ओढल्यास तब्बल ३ व्होल्ट तारेतच खर्च होतात. तंतुदीपाचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या सु. ३·४ व्या घाताने बदलतो. त्यामुळे दाब एक-दशांशाने घटला की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो आणि ३ व्होल्ट गेले की एक-तृतीयांशाच्या आसपासच उरतो. बारीक तारेत वाचविलेले थोडे पैसे असे मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततात.

परतीचा प्रवाह ट्रॉलीच्या सांगाड्यातून व जोडणीच्या खिळीतून आणणे भरवशाचे नसते. खिळीवर ग्रीस, गंज व माती साचते आणि ट्रॉली हेलकावली की संपर्क तुटतो. स्वतंत्र परतीची तार व सात खिळ्यांची जोडणी हीच योग्य पद्धत होय. ती ट्रॉली सोडताना सहज सुटली पाहिजे. तसे नसेल तर चालक तार तोडून मोकळा होतो व पुन्हा जोडत नाही.

आणखी एक अडचण विजेची नसून भरणीची आहे. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या कडेबाहेर लोंबतात आणि वाढ्यांनी दिवा, परावर्तक व क्रमांकाची पाटी झाकून जाते. दिवा चालू असूनही दिसत नाही. म्हणून मागचा दिवा पक्का न बसविता लांब लवचिक तारेवर ठेवून भरणी झाल्यावर मोळ्यांच्या बाहेर आकड्याने टांगावा. त्याच ठिकाणी लाल परावर्तक पट्टीही बांधावी. हंगामाच्या आरंभी ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या व कापडी फलक लावण्याच्या मोहिमा निघतात. त्या उपयुक्त आहेत, कारण टायर फुटून किंवा ॲक्सल मोडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या आणि मुंडी सोडून नेलेल्या ट्रॉलीला वीज नसतेच. तिच्याजवळ परावर्तकाखेरीज दुसरे काही उरत नाही, आणि तोही मागून प्रकाश पडल्यासच चमकतो.

हा धोका आकड्यांत असा मांडता येतो. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात १६ ते १७ मी. अंतर काटते. खाली झुकविलेल्या दिव्यात काळपट ट्रॉली ५० मी.वर दिसली, असे मानले, तरी ओळखणे, ठरविणे व थांबणे या सर्वांसाठी तीनच सेकंद मिळतात. दिवा १५५ मी.वरून दिसला तर नऊ सेकंद मिळतात. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेडमार्गे विदर्भात जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ सारख्या रुंद झालेल्या सडकांवर मोटारींचा वेग वाढला आहे आणि त्याच सडकेवर ताशी २० किमी.ने जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आहेत. त्यामुळे हे अंतर पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

कायदा व रस्त्यावरील वापर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार रात्री मागील लाल दिवा स्वच्छ हवेत १५५ मी.वरून दिसला पाहिजे. समोर प्रकाश टाकणाऱ्या दिव्याची शलाका कायमची खाली वळविलेली किंवा चालकाला खाली वळविता येणारी असावी लागते. दिव्यासमोर ८ मी.वर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मी. बाजूला व जमिनीपासून दीड मी. उंचीवर डोळे असणाऱ्या व्यक्तीला ती दिपवू शकणार नाही, अशी ही मर्यादा आहे. समोर झोतदिवा बसविण्यास नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते व तीही अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. छतावरचे शेतकामाचे दिवे, ते पुढे वळलेले असोत वा मागे, या नियमांत बसत नाहीत. मागे वळलेला पांढरा नांगरणीदिवा सडकेवर चालू राहिला तर मागून येणाऱ्याला समोरून वाहन येत असल्याचा भास होतो आणि त्या लखलखाटात शेजारचा लाल दिवा दिसत नाही.

यावर तारजोडणीतच उपाय करता येतो. शेतकामाच्या दिव्यांचे मंडल रस्त्याच्या दिव्यांपासून पूर्णपणे वेगळे ठेवावे. त्याची कळ वेगळ्या आकाराची, चालकाच्या नजरेसमोर व लाल सूचकदीप असलेली असावी. ट्रॉलीची जोडणी खोचली की शेतदिव्यांच्या रिलेचा प्रवाह तुटेल अशी व्यवस्था दुसऱ्या एका रिलेने करणे कुशल कारागिराला अवघड नाही. मात्र मालक ती मागत नाही.

एलईडी दिवे : निळा प्रकाश देणारा द्विप्रस्थ १९९० च्या दशकात जपानमध्ये सिद्ध झाल्यावर पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. या शोधाबद्दल ईसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. हल्ली ट्रॅक्टरवर १८ ते २७ वॉटचे असे दिवे सर्रास दिसतात. ते दीड ते सव्वादोन अँपिअरच घेतात. त्यामुळे अल्टरनेटर व तारेवरचा भार पुष्कळ कमी होतो आणि तंतू नसल्याने नांगराच्या हादऱ्यांनी ते निकामी होत नाहीत. चांगल्या दिव्यांतील मंडल दाब थोडा घटला तरी प्रकाश स्थिर ठेवते. उष्णता मात्र मागील पंख्यांसारख्या धातूच्या पात्यांतून बाहेर जावी लागते. त्यांवर चिखलाचा थर वाळून बसला की दिव्याचे आयुष्य घटते. स्वस्त दिव्यांना शलाकेची वरची कड नसते. त्यांचा निळसर झोत सर्व दिशांनी सुटतो, धुरळ्यात विखुरतो व सडकेवर जुन्या १०० वॉटच्या दिव्याइतकाच दिपवितो. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडीचा गोळा बसविल्यास प्रकाशाचा उगम नाभीत राहत नाही व शलाका बिघडते. ५५-६० वॉटच्या मूळ होल्डरमध्ये १०० वॉटचा हॅलोजन गोळा घातल्यास होल्डर व परावर्तकाची कलई जळते. हॅलोजन गोळ्याच्या क्वॉर्ट्‌झला बोटांचे तेल लागू देऊ नये. त्या डागाशी तो तडकतो.

बसविलेल्या दिव्यांची परीक्षा साध्या व्होल्टमापकाने होते. एंजिन मध्यम गतीवर व सर्व दिवे चालू ठेवून प्रथम बॅटरीच्या अग्रांवर व मग दिव्याच्या टोकांवर दाब मोजतात. दोहोंतील फरक ट्रॅक्टरवरच्या दिव्यासाठी अर्ध्या व्होल्टपेक्षा व ट्रॉलीच्या टोकासाठी पाऊण व्होल्टपेक्षा जास्त असू नये. फरक अधिक असेल तर मापकाचे एक टोक दिव्याच्या सांगाड्याकडील बाजूस व दुसरे बॅटरीच्या ऋण अग्रास लावून पाहतात. तेथे काटा हलला तर दोष परतीच्या जोडात असतो, न हलल्यास तारेत किंवा रिलेच्या स्पर्शबिंदूंत. शलाकेची दिशा रात्री सपाट जागी, ट्रॉली भरलेली असताना पाहावी लागते. उसाच्या भाराने ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते आणि रिकाम्या अवस्थेत नीट बसविलेला अग्रदीप वर पाहू लागतो.